आओमोरीला कधी जायचं, हे सैबेरिया ठरवतो

जपान म्हटलं की टोकियो, क्योतो, माउंट फुजी एवढ्यात आपल्या लोकांची ट्रिप संपते. वर उत्तरेला होन्शू बेटाच्या अगदी टोकाला आओमोरी नावाचा प्रांत आहे, तिकडे फार कुणी फिरकत नाही, आणि जे जातात त्यातले निम्मे चुकीच्या महिन्यात जातात. तिथली गंमत अशी की कुठली ट्रेन धावेल, कुठला रस्ता उघडा असेल, फुलं कधी येतील, या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, बर्फ. आणि तो बर्फ येतो कसा हे कळलं की ट्रिप निम्मी प्लॅन झालीच समजा.

आधी एक विचित्र गोष्ट. आओमोरी शहर जवळपास ४१ अंश उत्तरेला आहे, म्हणजे साधारण न्यूयॉर्कच्या रेषेत, उत्तर ध्रुवाजवळ वगैरे अजिबात नाही. जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या जेमतेम एक अंश खाली. तरी या अडीच लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात एका हिवाळ्यात सरासरी साडेपाच मीटरहून जास्त बर्फ पडतो (पडत गेलेल्याची बेरीज हं, एका वेळी साचलेला नाही). त्याच्याही उत्तरेचं, होक्काइदो बेटावरचं साप्पोरो शहर जास्त थंड, पण तिथं बर्फ कमी. म्हणजे नुसत्या थंडीनं बर्फ पडत नाही, त्याला पाणी लागतं, आणि पाणी कुठून येतं ते बघण्यासारखं आहे.

हिवाळ्यात सैबेरियावर थंड, जड, एकदम कोरडी हवा साचते आणि तिथून वायव्येचा वारा जपानकडे सुटतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो. या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह येतो, त्यामुळे भर थंडीतही पाणी शून्याच्या बरंच वर असतं. वरून जाणारी हवा मात्र पार गोठलेली. मग खालून ऊब आणि वाफ दोन्ही हवेत भसाभस शिरतात, गरम हवा वर उठते, ढग बनतात, आणि किनाऱ्याला पोचेपर्यंत ती कोरडी हवा बर्फानं गच्च भरलेली असते. सॅटेलाइटच्या फोटोत हे डोळ्यांनी दिसतं, समुद्रावर वाऱ्याच्या दिशेनं ढगांच्या समांतर पट्ट्याच पट्ट्या, आणि सैबेरियाच्या किनाऱ्यालगत मात्र थोडा भाग मोकळा, कारण तिथं हवेनं अजून पुरेसं पाणी उचललेलं नसतं.

पुढचा भाग मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. सह्याद्री पावसाळ्यात जे करतो तेच इथं ओउ नावाची डोंगररांग हिवाळ्यात करते. महाबळेश्वर धो धो भिजतं आणि खाली वाई बऱ्यापैकी कोरडी राहते ना, तसं ओउच्या पश्चिमेला बर्फाचा ढीग आणि पूर्वेला पॅसिफिकच्या बाजूला स्वच्छ निळं आकाश आणि बोचरा कोरडा वारा. एकाच प्रांतात आओमोरी शहर बर्फात गाडलेलं असतं तेव्हा पूर्वेच्या हाचिनोहेमध्ये ऊन पडलेलं असू शकतं. म्हणून जानेवारीत "आओमोरीचं वेदर" म्हणून एकच आकडा बघणं फुकट आहे, डोंगराच्या कुठल्या बाजूला जाताय ते आधी बघा.

रेल्वेवाल्यांनी हे केव्हाच ओळखलंय. तोहोकू शिन्कान्सेन, म्हणजे टोकियोहून उत्तरेला जाणारी बुलेट ट्रेन, १९८२ साली सुरू झाली ती मोरिओकापर्यंत, पुढे हाचिनोहेला पोचली २००२ मध्ये आणि शिन-आओमोरीला डिसेंबर २०१० मध्ये. मार्ग बराचसा पूर्वेच्या कोरड्या बाजूनं नेलाय, आणि शेवटी पश्चिमेला वळावंच लागतं तिथं सरळ डोंगराच्या पोटात घुसवलाय, हाक्कोदा बोगदा जवळपास साडेसव्वीस किलोमीटर लांब आहे. बोगद्यात बर्फ पडत नाही, विषय संपला. टोकियोहून शिन-आओमोरी सुमारे ६७५ किलोमीटर, सगळ्यात फास्ट हायाबुसा गाडी ३२० च्या स्पीडनं तीन तासांच्या आत पोचवते. टोकियो–ओसाकाची जुनी लाइन खडीवर टाकलेली, तिथं गाडीच्या पोटाला चिकटलेले बर्फाचे गोळे खाली पडले की खडी उडायची, काचा फुटायच्या. त्यामुळे या नव्या लाइनवर बहुतेक ठिकाणी खडीच नाही, रूळ काँक्रीटच्या स्लॅबवर आहेत. आपल्या मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ट्रॅकही याच स्लॅब पद्धतीचा आहे, फक्त तिथं बर्फाऐवजी पावसाळ्याशी गाठ आहे.

शिन्कान्सेनमधून उतरलात की खरी परीक्षा. शहरात पहिल्यांदा लक्षात येतं ते म्हणजे सिग्नल. बाकी जपानात तीन दिवे आडवे असतात, इथं उभे, कारण आडव्या सिग्नलवर बर्फाचा थर बसतो आणि वजनानं खांब वाकतो. रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर लाल-पांढरे बाण टांगलेले दिसतात, खाली टोक केलेले. ते रस्ता संपतो कुठे हे दाखवतात, कारण बर्फ पडल्यावर रस्ता, गटार आणि शेत सगळं एकच होतं. काही गल्ल्यांत रस्त्याखालून पाणी वाहणारी गटारं आहेत, ठरलेल्या वेळी लोक झाकण उघडून फावड्यानं बर्फ त्यात लोटतात.

गाडी भाड्यानं घ्यायचा विचार असेल तर माझं स्पष्ट मत, हिवाळ्यात नको. आपल्याला वाटतं की जेवढी जास्त थंडी तेवढा रस्ता घसरडा, पण प्रकार उलटा आहे. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिपातळ थर असतो, शून्याच्या आसपास तो सगळ्यात त्रास देतो, पार उणे वीसमध्ये बर्फ उलट कोरडा आणि खरखरीत वागतो. आणि आओमोरीचा हिवाळा नेमका शून्याच्या आसपासच रेंगाळतो, दुपारी वितळतं, रात्री गोठतं, वरून चाकं घासून घासून आरसा करतात. पूर्वी इथले लोक खिळे लावलेले टायर वापरायचे, पकड जबरदस्त, पण ते खिळे डांबर खरवडायचे आणि धूळ उठायची, १९८० च्या दशकात सेंदाई शहराला या धुळीनं अक्षरशः हैराण केलं. शेवटी १९९० मध्ये कायदा झाला आणि खिळे गेले. आता स्टडलेस टायर असतात, थंडीतही मऊ राहणारं रबर आणि त्यात बारीक चिरा नि छिद्रं, ती पाण्याचा थर शोषतात. चांगले आहेत, पण चालवणाऱ्याला सवय पाहिजे.

त्यापेक्षा बस पकडून सुकायुला जा. आओमोरी शहराच्या दक्षिणेला हाक्कोदा डोंगरात सुमारे ९०० मीटरवर हे जुनं गरम पाण्याचं ठिकाण आहे, हिबा लाकडाचं प्रचंड मोठं न्हाणीघर आणि गंधकाचा वास. इथल्या हवामान केंद्रानं २६ फेब्रुवारी २०१३ ला ५६६ सेंटिमीटर साचलेला बर्फ मोजला. पावणेसहा मीटर म्हणजे दुमजली घराच्या छतापर्यंत. दबलेला बर्फ घनमीटरला चारशे किलो धरला तर एका चौरस मीटरवर सव्वादोन टन वजन होतं, म्हणून तिथली माणसं दिवसभर छतं मोकळी करत असतात. याच डोंगरात जानेवारी १९०२ मध्ये सरावाला निघालेले २१० सैनिक वादळात वाट चुकले आणि १९९ मेले. त्याच थंडीच्या लाटेत होक्काइदोच्या आसाहिकावाला उणे ४१ अंश नोंदले गेले, जपानचा तो अधिकृत नीचांक आजही कायम आहे.

रोपवेनं वर गेलात तर फेब्रुवारीत झाडं दिसत नाहीत, पांढरे राक्षस दिसतात. जपानीत त्यांना जुह्यो म्हणतात, दक्षिणेकडच्या यामागता प्रांतातल्या झाओ डोंगरावरचे जास्त प्रसिद्ध आहेत पण हाक्कोदालाही भरपूर. हे नुसतं झाडावर साचलेलं बर्फ नाही बरं का. ढगातले पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहतात, गोठायला त्यांना काहीतरी टेकू लागतो. वाऱ्याबरोबर ते फर झाडाच्या सुईसारख्या पानावर आपटले की त्याच क्षणी गोठतात, त्यावर पुढचा थेंब, त्यावर पुढचा. म्हणून हा थर वाऱ्याच्या मागे नाही, वाऱ्याच्या तोंडावर वाढतो. जवळून बघितलं तर कोळंबीच्या शेपटीसारखे पापुद्रे दिसतात, आणि स्थानिक लोक त्याला तेच म्हणतात, कोळंबीची शेपटी. फटींत मग बर्फाचे कण अडकतात, एकमेकांना चिकटून घट्ट होतात, शेवटी झाड पूर्ण गायब. झाओला सध्या वाईट चाललंय, २०१३ च्या सुमारास पतंगाच्या अळ्यांनी फरची पानं खाल्ली, मग दुबळ्या झाडांवर सालीतले भुंगे आले आणि हजारो झाडं वाळली. सांगाडा उरलाय पण पानंच नाहीत, तर थेंब अडकणार कशावर?

सुकायुच्या पुढचा रस्ता हिवाळाभर बंद असतो आणि साधारण १ एप्रिलला उघडतो. रोटरी मशीननी बर्फ कापत कापत वाट काढतात आणि दोन्ही बाजूंना भिंती उरतात, काही ठिकाणी आठ-नऊ मीटरच्या. नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका, भिंतीतले थर बघा. पांढऱ्यात मधे काचेसारखी पट्टी दिसली तर त्या दिवसांत ऊन किंवा पाऊस येऊन बर्फ वितळून परत गोठलाय, आणि वरच्या भागात पिवळट मळकी रेघ असेल तर ती बहुधा गोबीच्या वाळवंटाकडून उडत आलेली धूळ.

आणि मजा म्हणजे त्याच एप्रिलच्या शेवटी खाली हिरोसाकी शहराच्या किल्ल्यात साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलतो. चेरीची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते, मग झोपते, आणि तिला उठवायला आधी भरपूर थंडी लागते, नंतर ऊब. दक्षिणेत क्युशूला हिवाळा उबदार गेला तर थंडी कमी पडून बहर उलट उशिरा येतो. हिरोसाकीला थंडीची ददात नाही, तिथं फक्त मार्च-एप्रिलची ऊब तारीख ठरवते, आणि ती तारीख हल्ली आधी आधी येतेय. २०२३ मध्ये बहर नेहमीच्या तारखांच्या खूप आधी आला, आणि तिथल्या चेरी उत्सवाच्या तारखा बघून बुकिंग केलेल्यांची पंचाईत झाली. तिथली सुमारे २६०० झाडं एवढी भरगच्च का, याचं श्रेय सफरचंदाला. चेरीची फांदी तोडली की कुजते म्हणून जपानात ती कापायची नाही असाच रिवाज, पण जपानची निम्म्याहून जास्त सफरचंदं पिकवणाऱ्या आओमोरीच्या माळ्यांनी सफरचंदासारखीच छाटणी आणि खत चेरीला करून बघितलं. एका कळीत इतरत्र तीन-चार फुलं, इथं चार-पाच. १८८२ साली लावलेलं झाड अजून फुलतंय. (बाजारात मिळणारं फुजी सफरचंदही याच भागातल्या फुजिसाकी गावचं, डोंगराचं नाही.)

उन्हाळ्यात नेबुता या प्रचंड कंदिलांच्या मिरवणुकीच्या उत्सवाची गर्दी, २ ते ७ ऑगस्ट, हॉटेलचे रेट विचारू नका. शरद ऋतूत मात्र उलटी वाटचाल असते, वसंतात फुलं खालून वर चढतात, तर पानांचा रंग वरून खाली उतरतो. हाक्कोदाच्या माथ्यावर सप्टेंबरअखेर, सुकायुला ऑक्टोबरच्या मध्यावर, ओइरासेच्या ओढ्याकाठी ऑक्टोबरअखेर, हिरोसाकीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे पोचायला उशीर झाला तर परत फिरायची गरज नाही, बसनं दोन-चारशे मीटर खाली उतरायचं. फक्त नोव्हेंबरात तोवादा सरोवराकडच्या बस हळूहळू बंद होतात, टाइमटेबल जाण्याच्या आठवड्यातलंच बघा, मागच्या महिन्यातलं नको.