घटकाधारित सॉफ्टवेअर: स्वीकार रेंगाळण्याची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअर दर वेळी मुळापासून लिहिण्याऐवजी तयार घटक जोडून उभे करावे, हा विचार निदान १९६८ इतका जुना आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोने भरवलेल्या परिषदेत बेल लॅब्जचे डग्लस मॅकिलरॉय यांनी घटकांचा रीतसर उद्योग हवा, अशी मांडणी केली. त्रिकोणमितीतील साइनचे मूल्य काढणारे साधे रुटीन (एक काम करणारा छोटा प्रोग्रॅम) घेतले, तरी ते वेगवेगळ्या अचूकतेचे आणि वेगाचे मिळावे व ग्राहकाने गरजेप्रमाणे निवडावे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यासाठी लागणारी मानके, म्हणजे घटक एकमेकांना जोडण्याचे सामाईक नियम, यायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. १९९१मध्ये कॉर्बा, १९९३मध्ये मायक्रोसॉफ्टचे कॉम आणि १९९८मध्ये एंटरप्राइज जावाबीन्स आले. पण एका मानकासाठी लिहिलेला घटक दुसऱ्यात सहज बसत नसे, त्यामुळे घटकाच्याही आधी पुरवठादार निवडावा लागे. अनेक देशांत कचेऱ्या असलेल्या संस्थांना या पद्धतीची ओढ होती ती कामाच्या वाटणीसाठी. मॉड्यूल (प्रोग्रॅमचा स्वतंत्र भाग) म्हणजे सोपवलेली जबाबदारी, असे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२मध्येच म्हटले होते. इंटरफेस, म्हणजे घटकाला काय द्यायचे आणि त्याच्याकडून काय मिळेल हे, पक्का ठरला, की पुण्यातील आणि लंडनमधील टीमना एकमेकींचा कोड न वाचता काम करता येते. मात्र घटक कोणत्या गृहीतकांवर चालतो, हे इंटरफेसमध्ये बहुधा लिहिलेले नसते, आणि स्वीकार रेंगाळण्याचे मोठे कारण मला हेच वाटते.

याचे एक उदाहरण पाहू. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातून झेपावलेले एरियन-५ हे युरोपचे रॉकेट सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर एरियन-४वरून घेतलेले होते. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवताना ओव्हरफ्लो झाला, म्हणजे ती संख्या तेवढ्या जागेत मावली नाही, कारण नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा बराच जास्त होता. आणि हे गणित ज्या कामासाठी चालू होते, त्याची एरियन-५ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. घटक जुन्या रॉकेटवर निर्दोष ठरला होता, म्हणूनच त्याची नव्याने कसून चाचणी झाली नाही.

पुढे मुक्त-स्रोत लायब्रऱ्यांमुळे (कोणालाही पाहता-वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचांमुळे) घटक फुकट मिळू लागले आणि अडचणीचे रूप पालटले. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतील गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा आपल्या कोणत्या प्रणालीत ती दडली आहे, हे शोधण्यातच कित्येक मोठ्या संस्थांचे दिवस गेले. कारण ती लायब्ररी अनेकदा दुसऱ्या घटकांच्या पोटातून आलेली होती. सरकारला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांकडून घटकांची यादी घेण्याची दिशा अमेरिकेने त्याच वर्षी मे महिन्यातील आदेशात आखली होती.