सवय सोपी हवी, सराव अवघड

दिवसातून दोनदा दात घासणाऱ्या माणसाने तीस वर्षांत जवळपास २२ हजार वेळा ब्रश फिरवलेला असतो. एवढ्या वेळा केलेल्या कामात कुणीही तरबेज व्हायला हवं. तरी दातांचे डॉक्टर छोटा आरसा लावून खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखवतात, तेव्हा तिथे पिवळट थर सापडतोच. लाळेच्या ग्रंथी तिथे उघडतात, त्यामुळे क्षार तिथे लवकर साचतात, हे एक कारण. दुसरं म्हणजे ब्रश रोज त्याच वळणाने फिरतो आणि रोज तीच जागा सोडतो. हात तोंडात असतो, डोकं ऑफिसला पोचलेलं असतं.

सवय म्हणून यात काहीच वावगं नाही. फक्त हा सराव नव्हे. ‘रोज करतोय म्हणजे सुधारणारच’ असं आपण धरून चालतो. मग गाण्याच्या क्लासपासून जिमपर्यंत सगळीकडे वर्षं निघून जातात आणि गाडी आहे तिथेच राहते.

सवयीचं काम असतं डोक्याचा ताप वाचवणं. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आधीच्या एखाद्या कामाचं शेपूट धरून येणारी छोटी कृती. हे पुन्हापुन्हा झालं की विचार न करता हात चालतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ९६ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवी कृती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण पसारा १८ ते २५४ दिवसांचा होता. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला वेळ लागला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. ‘२१ दिवसांत सवय’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा नियम मात्र या अभ्यासातला नाही. तो मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणावरून आला. शस्त्रक्रियेनंतरच्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना निदान एवढे दिवस लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘निदान’ वाटेत गळालं.

म्हणजे सवय लावायची तर ती सोपी हवी, जवळजवळ लाज वाटावी इतकी सोपी. एक जानेवारीला पहाटे पाचचा गजर, तासभर जिम आणि साखर बंद, असं सगळं एकदम सुरू करणारे संक्रांतीच्या तिळगुळालाच का सुटतात, हे यातून कळतं.

सरावाची गोष्ट बरोब्बर उलटी. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर लेख लिहिला. त्यातून जगाने उचलला तो फक्त दहा हजार तासांचा आकडा. तो सगळ्यात चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होता, तेवढे तास भरले की दार उघडतं असा काही नियम नव्हता. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा तपशील. ही मुलं एकट्याने, एका बैठकीत तास-दीड तास आणि दिवसाला फार तर चारेक तास रियाज करत आणि दुपारी झोप काढत. लक्ष देऊन केलेलं काम माणसाला थकवतं, त्याहून जास्त ते रेटता येत नाही.

तबल्यावर हे स्पष्ट दिसतं. दिल्ली घराण्याचा ‘धाधा तिट धाधा तीना’ हा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची बांधलेली रचना, बहुतेक जण सुरुवातीलाच शिकतात. संथ लयीत तो स्वच्छ निघतो. दुगुन, म्हणजे दुप्पट लय, घेतली की ‘तिट’ चिकटतं. मधल्या बोटाचा ‘ति’ जोरात पडतो आणि तर्जनीचा ‘ट’ त्याच्या पोटात जातो. सवयीने वाजवणारा पूर्ण कायदा पलट्यांसकट, म्हणजे बोलांच्या उलटापालटींसकट, अर्धा तास वाजवतो आणि घाम पुसत उठतो. दर आवर्तनात ‘तिट’ तसंच निघालेलं असतं, म्हणजे त्याने चूकच घोटून पक्की केली. सराव करणारा बाकीचा कायदा बाजूला ठेवतो. ‘तिट’ जिथवर नीट ऐकू येतं तिथवर लय खाली आणतो. नुसतं ‘तिट तिट’, मग ‘धाधा तिट’. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकतो, लय किंचित चढवतो, बिघडलं की पुन्हा खाली. पंधरा मिनिटांत डोकं शिणतं. घरच्यांना हे ऐकणं नकोसं होतं. खरा सराव ऐकायला बहुधा असाच असतो.

नेमकी चूक कुठे ते शोधणं, तेवढाच तुकडा घेणं, निकाल लगेच कळणं आणि झेपेल त्याच्या जरा पुढे जाणं, एवढं जमलं तर तो सराव. दाताच्या बाबतीतही हे करता येतं: राहिलेला थर रंगवून दाखवणारी गोळी मिळते. ती चघळून आरशात पाहिलं की कोणता कोपरा सुटतो ते दिसतं आणि पुढचे काही दिवस ब्रश तिथे मुद्दाम न्यावा लागतो. मग ते पुन्हा सवयीच्या हवाली करायचं.

सरावाला देवत्वही देऊ नये. मॅकनामारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१ आणि मैदानी खेळांत १८ टक्के फरक सरावाने समजावता आला. बाकीचं इतर गोष्टींवर. यावर वाद झाले, पण ‘घासलं की कुणीही तेंडुलकर’ हे म्हणणं टिकत नाही, एवढं नक्की.

तब्येतीसाठी बहुतेकांना सवयच पुरते, असं माझं मत आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पाच दिवस रोज अर्धा तास भराभर चाललं की १५० भरतात. त्यासाठी घड्याळातले आलेख बघत बसायची गरज नाही. रस्त्यात कुणी भेटलं, बोलता बोलता चाललं, तरी हरकत नाही. पण दहा किलोमीटर तासाच्या आत धावायचे असतील तर तेच अंतर त्याच वेगाने रोज कापून उपयोग नाही. शरीर त्या वेगाला सरावतं आणि थांबतं. मग आठवड्यातून एखाद्या दिवशी चारशे मीटर जोरात, मध्ये दम खाणं, पुन्हा चारशे, असं करावं लागतं आणि बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतकं हळू धावावं लागतं.

दोन्हींची सांगड कशी पडते ते सचिनच्याच बाबतीत बघा. त्याने शाळा बदलून शारदाश्रम घेतली आणि तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. मैदान हाकेच्या अंतरावर आलं, रोज जायचं की नाही हा प्रश्नच उरला नाही. ही झाली सवयीची सोय. मैदानावर मात्र रमाकांत आचरेकर सर स्टम्पवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो सचिनला बाद करेल त्याला ते नाणं, तो बाद झालाच नाही तर ते त्याचं. दिवसभर खेळून पाय जड झाले असताना, लक्ष सुटायच्या वेळी हे चालायचं. मैदानावर जाण्या-येण्याचं सगळं सोपं करून ठेवलेलं, आणि उभं राहिल्यावर काहीच सोपं नाही.

तबलजीला हेच घरात करता येतं. तबला खोळीतून काढून, सुरात लावून, हातोडीसह बैठकीवर तयार ठेवावा, संध्याकाळच्या चहानंतर बसायचं ठरवावं. पहिली दहा मिनिटं हात मोकळा करायला, पुढची पंधरा-वीस फक्त ‘तिट’साठी. त्यानंतर मनाला येईल ते वाजवावं, त्यात चुका मोजू नयेत.