‘माना संपलाय, थांबा’

ऑनलाइन खेळातल्या डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयारात, पाच जण शिरतात. टँक सगळ्यांत पुढे. राक्षसांचे घाव त्याने अंगावर घ्यायचे. हीलरने त्याला जगवायचं. उरलेले तिघे डीपीएस, म्हणजे ठोकाठोकी करणारे. पहिली टोळी लोळते, दुसरी लोळते आणि हीलर पाणी प्यायला खाली बसतो, कारण मंत्रांना लागणारा माना संपलेला असतो. अर्धं मिनिट पुरे असतं. टँक मात्र मागे न बघता तिसऱ्या टोळीत घुसलेला. दहा सेकंदांत तो मरतो, मागोमाग बाकीचे, आणि त्या डंजनमधलं पहिलंवहिलं वाक्य चॅटमध्ये उमटतं: ‘हील???’

हल्लीची पोरं उतावीळ झालीत, असं जुने खेळाडू म्हणतात. मला ते पटत नाही. माणसं तीच आहेत, पुष्कळदा अक्षरशः तीच, फक्त आता चाळिशी ओलांडलेली. बदलले आहेत ते अनोळखी माणूस मिळवायला पडणारे कष्ट.

अनेकांनी एकाच वेळी खेळायचं संगणकी जग १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात उभं राहिलं. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहिलं, नाव ठेवलं ‘मड’. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. त्यामुळे टाइप करणं म्हणजेच खेळणं, आणि बोलणं हा खेळाचाच भाग होता.

अनोळखी लोकांवर खरोखर विसंबायची वेळ आणली ती मार्च १९९९मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने. पार्टी, म्हणजे एकत्र लढणारा गट, सहा जणांची. एकट्याने फिरणाऱ्याचे हाल कुत्रा खात नसे. मेलात तर कमावलेला अनुभव कमी व्हायचा आणि तलवार-चिलखत प्रेतापाशीच पडून राहायचं; ते आणायला उघड्या अंगाने परत जावं लागे, तेही ज्यांनी मारलं त्यांच्याच गल्लीत. मग ओळखदेख नसलेल्या माणसाला हात जोडणं आलंच. जीव घेऊन पळणाऱ्याच्या मागे राक्षसांची रांग लागे, तिला ‘ट्रेन’ म्हणत. सभ्य माणूस पळता पळता ‘ट्रेन येतेय’ असं ओरडायचा. जो ओरडत नसे, त्याचं नाव लोक लक्षात ठेवत.

त्या खेळातली एक गंमत सांगायलाच हवी. माना भरायला ध्यान लावावं लागे, आणि सुरुवातीच्या काळात ध्यान लावलं की मंत्रांची पोथी उघडून पडदा झाकून टाकत असे. समोर काय चाललंय ते दिसायचं नाही. दिसायची ती पोथी आणि चॅटची खिडकी. मिनिटामागून मिनिटं अशी गेल्यावर माणूस बोलणार नाही तर काय करील? तू कुठला, तिकडे किती वाजले, जेवलास का. लांब पल्ल्याच्या गाडीत दौंड जाईपर्यंत समोरच्याचं गाव, नोकरी आणि मुलीचं लग्न सगळं कळतं, त्यातलाच प्रकार. त्या खेळाच्या जुन्या मैत्र्यांचं मूळ माणसांच्या चांगुलपणात जितकं आहे, तितकंच या रिकाम्या वेळात आहे.

नोव्हेंबर २००४मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला, आणि त्याने मरणं स्वस्त केलं, एकट्याने खेळणंही सोपं केलं. डंजन मात्र अजून महागच होतं. आयर्नफोर्ज किंवा ऑर्ग्रिमारसारख्या राजधानीत उभं राहून चॅनेलवर हाका मारायच्या: ‘हीलर पाहिजे, मग निघू.’ हीलर मिळेपर्यंत टँकला जेवायला बोलावलेलं असे. पाच जमले की डंजनच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जायचं. खेळात पक्ष दोन, होर्ड आणि अलायन्स. स्कार्लेट मॉनेस्टरी हे डंजन होर्डच्या मुलखात; अलायन्सच्या खेळाडूंना तिथे पोहोचणं हीच अर्धी मोहीम होती. ब्लॅकरॉक डेप्थ्सला शिरलं की कित्येक तासांची निश्चिंती.

एवढी तासाभराची गुंतवणूक झाल्यावर हीलर पाणी प्यायला बसला म्हणून कोण चिडेल? तो निघून गेला तर पुन्हा राजधानीत जाऊन हाका मारणं आलं. म्हणून लढाईआधी बोलणं व्हायचं. राक्षसांच्या डोक्यावर खुणा लावल्या जात: कवटी म्हणजे आधी हा, चंद्र म्हणजे याची मेंढी करायची. जादूगार मंत्राने शत्रूला मेंढी करून बाजूला ठेवत असे, आणि तिला चुकून जरी फटका बसला तरी मेंढीचा पुन्हा राक्षस व्हायचा. ‘मेंढी फोडू नका’ ही विनवणी मी किती वेळा टाइप केली असेल, त्याला हिशेब नाही. मे २००५मध्ये गाजलेला लीरॉय जेंकिन्सचा व्हिडिओ याच संस्कृतीची टर उडवणारा आहे: मंडळी गंभीरपणे जगण्या-मरण्याची टक्केवारी मांडत बसलेली, आणि एक पठ्ठ्या स्वतःच्या नावाने बोंब ठोकून आत घुसतो. प्रसंग ठरवून केलेला होता, पण हसू येतं ते त्या बैठकीमुळे. ती प्रत्येकाने सोसलेली होती.

दुसरा धाक नावाचा. सर्व्हर, म्हणजे ठरावीक खेळाडूंचं एकच सामाईक जग, हे जणू गाव. वाटणीच्या फाशात लबाडी करून माल पळवणाऱ्याला ‘निंजा’ म्हणत, आणि निंजाचं नाव एकदा गावभर झालं की त्याला पुढच्या पार्टीत घ्यायला कुणी राजी नसे.

भारतात या खेळाचा सर्व्हर नव्हता. इथले बरेच जण युरोपच्या सर्व्हरवर खेळत; तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या वर, त्यामुळे टँकला वाचवायचा मंत्र तो आडवा पडल्यावर पोहोचायचा. वर भारनियमन. गावातल्या वेळापत्रकावर नजर टाकूनच मी डंजनला हो म्हणायचो, तरी लाइट जायचीच. तासाभराने परत आल्यावर पार्टी विखुरलेली असे, पण सर्व्हर तोच असल्याने माफी मागायला माणसं सापडायची. ‘वीज रोज ठरवून घालवतात’ हे एका स्वीडिश टँकला समजावण्यात माझा एक आख्खा रविवार गेला आहे. पुढे तोच मला नावाने हाक मारून डंजनला नेऊ लागला.

८ डिसेंबर २००९ रोजी ३.३ क्रमांकाचा पॅच, म्हणजे खेळाची सुधारित आवृत्ती, आला आणि त्यासोबत ‘डंजन फाइंडर’. बटण दाबा, भूमिका सांगा, यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरवरून पाच जण गोळा करून थेट आत नेऊन सोडतं. चालणं गेलं, हाका मारणं गेलं. बिनओळखीच्या, आयत्या वेळी जमवलेल्या पार्टीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पग’ म्हणतात. तेव्हा अशा शंभर अनोळखी खेळाडूंसोबत डंजन केलं की बक्षीस म्हणून खेळातला पाळीव पग मिळायचा. मोबाइलच्या जाहिरातीतून आपल्या घराघरात पोहोचलेला तोच सुरकुतल्या तोंडाचा कुत्रा. कोटी छान होती. पण त्याच पॅचमध्ये मत टाकून माणसाला पार्टीबाहेर काढायची सोयही होती, आणि काढलेल्याच्या जागी दुसरा आपोआप यायचा. हीलरसाठी थांबण्यापेक्षा हीलर बदलणं स्वस्त झालं. गावही उरलं नाही. आज भेटलेला टँक पुन्हा दिसण्याची शक्यता जवळपास नाहीच. मग ‘नमस्कार’ तरी कशाला टाइप करायचा? ‘गो गो गो’ एवढं पुरतं.

तेव्हाची डंजनं सोपी होती म्हणून हे खपून गेलं. डिसेंबर २०१०च्या ‘कॅटॅक्लिझम’ या विस्तारात ती पुन्हा अवघड केली गेली, मेंढ्या आल्या, खुणा आल्या. मात्र बोलायची सवय मोडलेली होती. अनोळखी पार्ट्या धडाधड मरू लागल्या, लोक भांडून निघून जाऊ लागले. जानेवारी २०११मध्ये खेळाचा डिझाइनर ग्रेग स्ट्रीट याने लेख लिहून अवघड डंजनांची बाजू मांडली. एप्रिलमध्ये कंपनीने वेगळा उपाय काढला: ज्या भूमिकेचा तुटवडा, त्या भूमिकेत रांगेत उभं राहणाऱ्याला जादा बक्षिसाची थैली. बहुतेक वेळा ती टँकला मिळे. म्हणजे चार अनोळखी माणसांच्या शिव्या खायचा अधिकृत भत्ताच.

एका जपानी कंपनीने वेगळी वाट धरली. २००२मध्ये जपानात निघालेल्या ‘फायनल फँटसी ११’मध्ये पुढे जपानी आणि अमेरिकी खेळाडू एकाच सर्व्हरवर आले, तेव्हा तयार शब्दांचा कोश दिलेला होता. यादीतून वाक्य निवडलं की ते समोरच्याला त्याच्या भाषेत दिसे. ‘फायनल फँटसी १४’ २०१३मध्ये नव्याने उभा राहिला तेव्हा त्यातही ती सोय होती. त्याच डिसेंबरपासून डंजन संपल्यावर एका सहकाऱ्याला शाबासकी देता येते. आपल्यासोबत आलेल्या मित्राला मात्र नाही, अनोळखी माणसालाच. शिवाय पार्टीत कुणी पहिल्यांदाच आलेला असेल तर सगळ्यांना वाढीव बक्षीस मिळतं, आणि पडद्यावर तशी सूचना येते. नवखा म्हणजे कटकट, हा हिशेबच उलटा झाला. तिथल्या डंजनची सुरुवात बहुधा दोन चिन्हांनी होते: एक इंग्रजी ओ, पुढे तिरकी रेघ. डोकं आणि वर केलेला हात. तेवढा हात हलवला तरी हीलरसाठी थांबणारा टँक मिळायची शक्यता वाढते, असा माझा अनुभव.

आपल्याकडच्या बहुतेकांना अनोळखी साथीदार भेटले ते डंजनमध्ये नव्हे, तर २०१८नंतर पबजी मोबाइलच्या चौघांच्या स्क्वाडमध्ये. तिथे टाइप करायची भानगड नव्हती, थेट माइक. मागे कुकरची शिट्टी, कुणाची तरी आई ओरडतेय, आणि हिंदीत दोन वाक्यं झाली की कुणीतरी विचारायचा, ‘मराठी का रे?’ त्यानंतर तो माणूस आपण पडलो तर उठवायला परत यायचा. एरवी बहुतेक जण पळून जायचे.

डंजनवाल्यांनी मात्र शेवटी माणसंच वगळायची सोय केली. ‘फायनल फँटसी १४’ने २०१९मध्ये आणि ‘वॉरक्राफ्ट’ने जानेवारी २०२४मध्ये संगणकाने चालवलेले साथीदार दिले. कुणी घाई करत नाही, कुणी मत टाकून हाकलत नाही. मी परवा हीलर म्हणून तसं एक डंजन केलं. मधेच पाणी प्यायला बसलो. टँक शेजारी उभा. मुद्दाम दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. तो उभाच. शेवटी मीच कंटाळून ‘गो’ टाइप केलं.