निळा धूर: रिंगा गेल्या, की टर्बो?

खनिजाची टिपर निळा धूर सोडते, ऑइल खाते, ब्रीदरातून (इंजिनातला कोंडलेला गॅस बाहेर सोडणारी नळी) भकाभका वाफ मारते. मग इंजिन बांधायलाच हवं, हा निकाल गोव्याच्या खाणपट्ट्यात उसगाव-तिस्कापासून सावर्ड्यापर्यंत कुठल्याही नाक्यावर फुकट मिळतो. ही तिन्ही लक्षणं पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजल्याची आहेत हे खरं. पण टर्बोची (एक्झॉस्टच्या गॅसवर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) सील गेली तरी हीच तिन्ही दिसतात, आणि टर्बो अर्ध्या दिवसात उतरवून बघता येतो. इंजिन खोललं की गाडी निदान दोन आठवडे उभी राहते, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

उलटी फसगतही तितकीच होते. नवा टर्बो बसतो, आठवडाभरात तोही ऑइल सोडू लागतो आणि दोष डुप्लिकेट मालाला जातो. मालात खोट नसते, खरं कारण खाली इंजिनात असतं.

रिंगा झिजल्या की दोन गोष्टी एकदम होतात. जळलेला गॅस पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ती जागा) उतरतो, ज्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि ऑइल रिंग भिंत नीट पुसत नसल्याने ऑइल वर चढून जळतं. टर्बोचा हिशेब वेगळा. त्याचा शाफ्ट लोडवर मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि बुशात ऑइलच्या थरावर तरंगतो. ऑइल आत येतं पंपाच्या दाबाने, पण बाहेर पडतं ते फक्त स्वतःच्या वजनाने, खालच्या जाड रिटर्न पाइपातून. दोन्ही टोकांची सील रबराची नसतात. त्या पिस्टन रिंगसारख्याच बारीक धातूच्या रिंगा असतात. बाहेर गॅसचा दाब आणि आत मोकळा रिटर्न, असं असेल तोवरच त्या ऑइल अडवतात.

आता बॅक कॉम्प्रेशनमुळे चेंबरमध्ये दाब वाढला, तर रिटर्नचं ऑइल खाली उतरणार कुठे? ते टर्बोतच साचतं आणि शाफ्टच्या कडेने बाहेर येतं. म्हणजे टर्बो ठणठणीत, तरी गळतो. रिटर्न पाइप वाकला, त्यात काळा गाळ बसला किंवा ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे भरलं, तरी हेच होतं. एअर फिल्टर चोंदला की टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या (हवा ओढणारी बाजू) तोंडाशी ओढ वाढून त्या बाजूने ऑइल खेचलं जातं. वजनकाट्याच्या किंवा जेटीच्या रांगेत गाडी तासन्‌तास आयडलिंगवर ठेवली, तर चांगला टर्बोही थोडं ऑइल सोडतो, कारण तेव्हा बाहेरून दाबच नसतो. अशा गाडीने रांगेतून निघताना निळा ढग सोडला, तर त्यावरून काहीच ठरवू नये.

धूर किती यापेक्षा ऑइल किती जातं हे मोजावं, आणि तेही किलोमीटरवर नाही, डिझेलवर. खनिजाची टिपर दिवसभरात कमी अंतर धावते, पण इंजिन चालूच असतं. ढोबळमानाने 300 ते 400 लिटर डिझेलमागे एखादं लिटर ऑइल लागलं, तर वापरलेल्या गाडीला ते चालून जातं. 100 लिटरमागे एक लिटर जाऊ लागलं, की शोधायला बसावं. बीएस-6 गाड्यांत तर धुरावर जाताच येत नाही. सायलेन्सरमधला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) धूर गिळतो आणि ऑइलच्या राखेने आतून भरत जातो.

सगळ्यात बोलकी जागा टर्बोच्या मागे असते. टर्बो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून (सगळ्या सिलिंडरांचा जळका गॅस एकत्र आणणारा पाइप) उतरवायचा आणि टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या आत बघायचं. आत सुकी काजळी आणि टर्बोच्या टर्बाइनकडचं (एक्झॉस्टवर फिरणारी बाजू) बाहेरचं तोंड ओलं, तर ऑइल टर्बोतून येतंय. मॅनिफोल्डच आतून ओला, चिकट, तर ऑइल सिलिंडरमधून येतंय. मॅनिफोल्डही काढला तर सहा सिलिंडरांपैकी कुठलं पोर्ट ओलं आणि कुठलं सुकं हेही कळतं. एकच पोर्ट ओलं असेल, तर त्याच सिलिंडरचा व्हॉल्व्ह गाइड, मोडलेली रिंग किंवा फुटलेला पिस्टन बघायचा. सहाही सारखी ओली असतील, तर मात्र झीज सगळीकडे आहे. गॅस्केटच्या खर्चात एवढी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

इंटेकच्या बाजूला जरा सांभाळून. ब्रीदरचा पाइप फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या होसला जोडलेला असेल, तर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ऑइलचा पातळ थर असणारच. तोंड कोरडं आणि पुढे इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) पाइपात ऑइलचं थारोळं, असं दिसलं तरच टर्बोवर बोट ठेवावं.

शाफ्ट हाताने हलवून टर्बो बाद करायची सवय बरी नाही. वर-खाली थोडा खेळ असतोच, कारण ऑइल नसताना बूश मोकळं असतं. त्यात पाती घराला घासली आहेत का, एवढंच बघायचं. पुढे-मागे खेळ मात्र डायल गेजवर 0.1 मिमीच्या आसपास किंवा पुढे गेला, तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) संपलं. नेमकी मर्यादा त्या टर्बोच्या पुस्तकात असते.

## धूळ दोघांनाही खाते

गोव्यात या निदानाला एक वळण आहे. होसचा क्लॅम्प ढिला, रबर चिरलेलं किंवा फिल्टरचं सील नीट न बसलेलं असेल, तर तांबडी धूळ आधी टर्बोच्या पात्यांवर आदळते आणि मग रिंगांत जाते. कॉम्प्रेसर व्हीलच्या पात्यांची पुढची धार बघावी. ती गुळगुळीत बोथट किंवा खाल्लेली दिसली, तर ती धूळ बोअरपर्यंत पोचलेली आहे असंच धरावं. अशा इंजिनाला नुसता टर्बो घालणं म्हणजे पैसे पाण्यात. फिल्टरनंतरच्या होसमध्ये पांढरं फडकं फिरवा. ते तांबडं निघालं, तर आधी ती गळती बंद करा, नाहीतर नवं इंजिनही एका सीझनमध्ये जाईल. बाहेरचा फिल्टर गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झटकला की कागदाला बारीक छिद्रं पडतात. आतला सेफ्टी फिल्टर तर झटकायचाच नसतो, बदलायचा असतो.

ऑइलचा नमुना लॅबला देत असाल, तर इथे एक चकवा आहे. धूळ ओळखायला सगळे सिलिकॉन बघतात. पण जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर, आणि त्या मानाने सिलिका कमी असते. खनिजाची धूळ तर लोहच. त्यामुळे सिलिकॉन बेताचं दिसलं तरी धूळ गेलेली असू शकते, आणि लोह वाढलं ते बोअरचंच असंही नाही. रिंगांवर क्रोमचा थर असेल, तर क्रोमियम सोबत वाढलंय का ते बघा. तांबं आणि शिसं वाढलं, तर बेअरिंगांची गोष्ट वेगळी सुरू झालेली आहे.

## पाण्याची नळी

ऑइलचं झाकण उलटं ठेवून ते उडतं का बघायचं, ही नाक्यावरची परीक्षा. प्रत्येक इंजिनाच्या झाकणाची जागा वेगळी. काहींत व्हॉल्व्ह हलवणाऱ्या रॉकरचा वाराच खाली लागतो. त्यापेक्षा पारदर्शक नळी इंग्रजी यू-सारखी फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या पाइपाला घट्ट जोडा. ब्रीदर मोकळाच राहू दे. इंजिन पुरतं गरम झाल्यावर गव्हर्नरच्या (वेगाला मर्यादा घालणारा भाग) वेगाला दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. आकड्याची मर्यादा कंपनीच्या पुस्तकातून घ्या. लोडवर वाचायचं असेल, तर भरलेली गाडी चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या चढावर न्या आणि वाचायला दुसरा माणूस बसवा.

खरी करामत पुढे आहे. गाडी उभी करून ब्रेक चार-सहा वेळा दाबा, म्हणजे ब्रेकच्या टाकीतली हवा उतरेल आणि ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर ती भरू लागेल. तेवढ्यात पाणी चढलं आणि टाकी भरल्यावर खाली आलं, तर दाब मारतोय ब्रेकचा कॉम्प्रेसर, इंजिन नव्हे. त्याच्याही रिंगा जातात, आणि तोही ऑइल पितो. टाकीच्या ड्रेनमधून पाण्यासोबत ऑइल येतंय का बघा.

मग टर्बोचा रिटर्न पाइप सुटा करून डब्यात सोडा, चेंबरकडचं भोक बंद करा आणि त्याच वेगाला दोन-तीन मिनिटंच चालवा, ऑइलवर नजर ठेवून. आकडा बराच खाली आला, तर गॅस टर्बोतून येत होता. तसाच राहिला, तर रिंगा, नाहीतर बूस्टचा (टर्बोने कोंबलेल्या हवेचा) दाब व्हॉल्व्ह गाइडमधून वर जातोय. टर्बोचं सील पुरतं गेलं असेल, तर मात्र हा प्रयोग करूच नका. ते ऑइल पिऊन इंजिन गव्हर्नरच्या बाहेर पळू शकतं. अशा इंजिनाचं हवेचं तोंड झाकून ते बंद पाडायला लोखंडी पत्रा तयार ठेवावा, हात कधीच लावू नये.

शेवटची साक्ष कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेच्या दाबाची. इंजेक्टरच्या जागी ॲडॉप्टर लावून, चांगल्या बॅटरीवर. गरम, चांगल्या इंजिनात साधारण 24 ते 30 बार मिळतात, आणि सिलिंडरांमध्ये फरक 10 टक्क्यांच्या आत हवा. बोअरमध्ये ऑइल ओतून पुन्हा मोजायची पेट्रोलवाली युक्ती इथे नको. डिझेलमध्ये वरची जागा इतकी कमी, की नुसत्या ऑइलनेच आकडा चढतो. पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून हवा सोडणं बरं: ब्रीदरला फुस्स आलं तर रिंगा, सायलेन्सरला आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरात बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चीर.

2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि मार्च 2018 पासून पुन्हा. त्या काळात उभ्या राहिलेल्या गाड्यांना वेगळा न्याय लावावा. दमट हवेत उघड्या व्हॉल्व्हच्या सिलिंडरला गंज धरतो, रिंगा खाचेत चिकटतात, आणि पहिल्या दिवशी बॅक कॉम्प्रेशन भयंकर दिसतं. बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून बघावं. खड्डे पडलेले नसतील, तर ताजं ऑइल घालून काही दिवस लोडवर चालवल्यावर रिंगा सुटतात, निदान काही तरी.

रिंगाच ठरल्या, तर हाफ इंजिनात (ब्लॉक न उतरवता) भागेल की फुल (ब्लॉक उतरवून), हे बोअर मोजल्यावरच कळतं. कमिन्स 6बीटी इंजिनाला लायनर (सिलिंडरमधली बदलता येणारी वेगळी नळी) नसतो. 102 मिमीचा बोअर ब्लॉकमध्येच असतो, त्यामुळे वरच्या कडेला ओठ आला असेल, तर नुसत्या रिंगा टाकून चालत नाही. बोअर करून 0.5 किंवा 1 मिमी ओव्हरसाइझ पिस्टन घालावे लागतात, आणि त्यासाठी ब्लॉक उतरतोच. मग क्रँकही मापून घ्यावा.

टर्बोच ठरला, तर बसवण्याआधी रिटर्न पाइप आतून साफ करा, ऑइल इनलेटमध्ये हाताने ऑइल ओतून शाफ्ट फिरवा, आणि डिझेल बंद ठेवून प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा. इंटरकूलर उतरवून आतलं ऑइल निथळून काढा. नाहीतर ते पुढचे काही दिवस जळत राहील, धूर निघत राहील, आणि कुणीतरी पुन्हा इंजिन उतरवायला सांगेल. पाण्याची नळी मात्र पहिल्याच दिवशी परत लावून आकडा ताडून घ्या.