बेरियाट्रिक सर्जरीनंतर स्नायू टिकवणं

वजन उतरवायच्या ऑपरेशननंतर (पोट लहान करणारी स्लीव्ह, बायपास वगैरे) चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं, ते शक्य तेवढं वाचवायचे जे उपाय करतात त्यांची ही नोंद. ऑपरेशन काय असतं ते बहुतेकांना माहीत असतंच.

झडतं किती, इथे खरा वाद आहे. उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबी सोडून बाकीचा असतो असा जुना ठोकताळा, पण घोळ असा की डेक्सा स्कॅन (एक्स-रेने शरीराची घडण मोजणारा) घ्या नाहीतर जिममधलं बीआयए मशीन (अंगातून हलका वीजप्रवाह सोडून मोजणारं), दोन्ही नुसते स्नायू मोजत नाहीत, 'लीन मास' सांगतात, म्हणजे पाणी, लिव्हर, आतडी सगळं त्यात आलं, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ग्लायकोजेन (स्नायू-लिव्हरमध्ये साठलेली साखर) संपून त्याने धरलेलं पाणीही जातं, की रिपोर्टात स्नायूच गेल्यासारखे दिसतात. त्यामुळे आकड्यापेक्षा ताकद बघा म्हणणाऱ्यांचं जास्त पटतं. सार्कोपेनियाच्या, म्हणजे स्नायू आणि ताकद घटण्याच्या, 2019 च्या आशियाई निकषांत हाताची पकड पुरुषांत 28 आणि बायकांत 18 किलोच्या खाली गेली की ताकद कमी धरतात. 'सार्कोपेनिया' हा शब्द आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1988-89 च्या सुमारास काढला, तोही म्हातारपणापुरता.

आपल्याकडे मुळात स्नायूंचं भांडवलच कमी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच मापं छापली होती: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दोघांचा 22.3, पण चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2!

प्रोटीन दिवसाला किमान 60 ग्रॅम, गरजेप्रमाणे आदर्श वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत सांगतात. अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास. पोट वाटीभराचं झालेलं असतं, त्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांत वरण-पनीर आधी आणि भात जागा उरली तर, असा क्रम लावावा लागतो, आणि सासूबाईंना तो काही केल्या पटत नाही. शेव-उसळीतली उसळ चालते, मऊ शिजलेली, बिनतर्रीची. शेव आणि पाव बाजूला.

नुसतं चालून भागत नाही, स्नायूंवर भार पडायला हवा. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या (जुन्या आखाड्याच्या) बडोद्यात जोर-बैठका कुणाला शिकवायला नकोत, पण जोर पोटावर येतात, म्हणून सर्जनने हो म्हणेपर्यंत ते नाहीत. सुरुवात खुर्चीतून हात न टेकता उठण्यापासून. पाच वेळा उठायला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर त्याच आशियाई निकषांत हालचाल मंदावलेली धरतात.