जिल्हा परिषदेचा 'गट' म्हणजे नेमका कोणता?

गटविकास अधिकाऱ्याचा 'गट' म्हणजे जवळपास अख्खा तालुका. जिल्हा परिषदेचा 'गट' म्हणजे त्याच तालुक्यातला एक तुकडा, काही गावांचा मतदारसंघ. दोन-तीन गावांची मिळून एकच ग्रामपंचायत असेल तर ती गटग्रामपंचायत, आणि सातबाऱ्यावरचा गट नंबर आणखी निराळा. कायदा मतदारसंघाला 'निवडणूक विभाग' म्हणतो. त्याचे दोन भाग केले की पंचायत समितीचे दोन 'निर्वाचक गण' होतात. म्हणजे तालुक्यात चार गट असतील तर गण आठ. मतदाराला एकाच केंद्रावर दोन मतं द्यायची असतात, एक गटासाठी, एक गणासाठी. पुढारी, कार्यकर्ते, तलाठी सगळे गट-गणच म्हणतात, 'निवडणूक विभाग' फक्त अधिसूचनेत राहतो.

या शब्दाच्या मागे एक जुना वाद आहे. २ ऑक्टोबर १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रम आला आणि 'विकास गट' हे एकक झालं. १९५७ मध्ये केंद्राच्या समितीने सुचवलं की खरी सत्ता या गटाच्या पातळीवर, पंचायत समितीकडे द्यावी. जिल्ह्याची परिषद सल्ल्यापुरती असावी. राजस्थानने तो मार्ग धरला. महाराष्ट्राने धरला नाही. जून १९६० मध्ये तेव्हाच्या महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, मार्च १९६१ मध्ये अहवाल आला, आणि त्याने केंद्राचं सूत्र उलटं केलं: कणा जिल्ह्याचा, पंचायत समिती त्याचा हात. अभियंता, शिक्षणाधिकारी, आरोग्य अधिकारी ही माणसं जिल्ह्याला मिळतात, प्रत्येक तालुक्याला ती कुठून आणणार? त्याहून धाडसी शिफारस म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेबाहेर ठेवायचं आणि खासदार-आमदारांनाही आत घ्यायचं नाही. त्यावर तेव्हाही कुरबुर झाली. पण १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. सदस्यांनी अध्यक्ष निवडायचा, सभेने ठराव करायचा, सनदी सेवेतल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने तो अमलात आणायचा. लोक तिला 'मिनी मंत्रालय' म्हणू लागले ते उगाच नाही.

त्याआधी काहीच नव्हतं असं नाही. १८६९ च्या कायद्याने लोकल फंड आला, १८८४ मध्ये जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. जुनी माणसं शाळेला 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणायची ती त्यामुळे. विदर्भात जनपद सभा या स्थानिक संस्था होत्या, मराठवाड्याची घडी हैदराबाद राज्यातली. १९६२ ने हे सगळं एका साच्यात आणलं.

मुदतींची शिस्त मात्र लवकर मोडली. १९७२ नंतरची निवडणूक १९७९ मध्ये आणि त्यापुढची थेट १९९२ मध्ये. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, तेव्हा पाच वर्षांची मुदत घटनेतच गेली. २०१७ पर्यंत ती पाळली गेली. महिलांचा एक तृतीयांश वाटा २०११ मध्ये निम्म्यावर गेला. दुसऱ्या बाजूने अधिकार निसटत होते: १९९८ च्या कायद्याने जिल्हा नियोजन समिती आली आणि जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा पालकमंत्र्यांच्या टेबलावर ठरू लागला. आमदार ज्या दारातून बाहेर ठेवले होते, ते दार असं मागून उघडलं.

मग आरक्षणाचा प्रश्न आला. अकोला, वाशीम, नागपूर, धुळे, नंदुरबार अशा जिल्ह्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय मिळून एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेलं होतं. ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतर मागासवर्गीयांचं २७ टक्के सरसकट धरता येणार नाही. आधी समर्पित आयोगाची, म्हणजे खास याच अभ्यासासाठी नेमलेल्या आयोगाची, माहिती हवी आणि एकूण आरक्षण निम्म्याच्या आत हवं. मार्च २०२२ मध्ये बहुतेक परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक नेमले गेले. प्रशासक कोण, तर तोच मुख्य कार्यकारी अधिकारी. ज्याने सभेचे ठराव राबवायचे, तोच सभाही झाला. विषय समित्यांच्या सभापतींची दालनं बंद पडली. शाळेचं गळकं छप्पर किंवा बंद पडलेली नळयोजना घेऊन जायचं तर गटाचा म्हणून सदस्यच उरला नाही. हे तीन वर्षांहून जास्त चाललं, आणि त्याचा राग जितका यायला हवा होता तितका कुणाला आला नाही.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या समर्पित आयोगाच्या अहवालाआधीची आरक्षणाची स्थिती धरून निवडणुका घ्यायला सांगितलं. मग गट-गणांच्या प्रारूप रचना तहसील कार्यालयांच्या फलकावर लागल्या. लोक बोट फिरवत आपल्या गावाचं नाव शोधत होते, आणि ते शेजारच्या गटात गेलेलं दिसलं की हरकत लिहायला बसत होते.