वास्तुशिल्पीय रेंडरिंगसाठी सॉफ्टवेअरची निवड

अजून न बांधलेल्या इमारतीचे त्रिमितीय मॉडेल, त्यावर चढवलेली मटेरियल्स (पृष्ठभागांचे रंग, पोत व चकाकी) आणि प्रकाशाची मांडणी यांच्या आधारे संगणकाकडून छायाचित्रासारखे चित्र तयार करून घेणे म्हणजे वास्तवसदृश रेंडरिंग. वास्तुविशारद, अंतर्गत सजावटकार आणि बांधकाम व्यावसायिक आपला आराखडा ग्राहकाला किंवा स्पर्धेच्या परीक्षकांना समजावून देण्यासाठी अशी चित्रे वापरतात. हे काम करणारी अनेक सॉफ्टवेअर उपलब्ध असल्यामुळे सर्वांत चांगले कोणते, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. मॉडेल कुठे तयार होते, चित्र कोणत्या टप्प्यावर लागते, हाताशी कोणता संगणक आहे आणि आराखडा किती वेळा बदलतो, यांवर निवड ठरते. यांपैकी शेवटची बाब सर्वाधिक निर्णायक आहे, आणि निवड करताना बहुधा तिचाच विचार सर्वांत उशिरा होतो.

खिडकीतून आलेला प्रकाश फरशीवर पडतो, तिथून छताकडे जातो, छतावरून भिंतीवर येतो आणि प्रत्येक वेळी त्या पृष्ठभागाच्या रंगाचा अंश बरोबर घेतो. हा परावर्तित प्रकाश मोजणे हा रेंडरिंगचा गाभा आहे. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या रे ट्रेसिंगच्या, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढण्याच्या, पद्धतीने आरसे, काच आणि सावल्या साधल्या. मात्र चकाकी नसलेल्या पृष्ठभागांवरून सर्व दिशांना पसरणारा प्रकाश तिच्या आवाक्यात नव्हता. तो हिशेब १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी रेडिओसिटी या पद्धतीने मांडला, आणि १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी या साऱ्या पद्धतींना सामावून घेणारे रेंडरिंग समीकरण व ते सोडवण्याची पाथ ट्रेसिंगची रीत दिली. व्ही-रे, कोरोना आणि ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील सायकल्स ही आजची प्रमुख रेंडर इंजिने, म्हणजे चित्राचा हिशेब करणारी सॉफ्टवेअर, याच वाटेने जातात; हा पहिला वर्ग. ती यादृच्छिक दिशांना किरण सोडून सरासरी काढतात. किरण थोडे असतील तर चित्रात दाणे दिसतात आणि ते निम्मे करायचे तर सॅम्पल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागे सोडलेले किरण, चौपट करावे लागतात. शेवटचे थोडेसे दाणे घालवायला सर्वाधिक वेळ लागतो तो यामुळेच. दाणे पुसणारे डीनॉइझर हा वेळ पुष्कळ वाचवतात, परंतु फार कमी सॅम्पलवर ते वापरले तर गालिच्याची वीण आणि लाकडाच्या रेषा दाण्यांबरोबरच पुसल्या जातात.

दुसरा वर्ग तत्क्षणी चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. ल्युमियन, ट्विनमोशन, एनस्केप आणि डी-५ रेंडर ही त्यातील ठळक नावे होत. त्यांचे तंत्र व्हिडिओ गेमच्या इंजिनांशी जवळचे आहे. ट्विनमोशन तर अनरियल इंजिनावरच उभे आहे. पूर्वी यांतील प्रकाश बराचसा अंदाजाने रंगवलेला असे. २०१८ पासून ग्राफिक्स कार्डांमध्येच रे ट्रेसिंगची सोय आल्यावर हे अंतर कमी झाले, आणि आता ट्विनमोशनमध्ये पाथ ट्रेसिंगचा पर्याय आहे, तर व्ही-रे बनवणाऱ्या केऑस कंपनीने व्हँटेज हे तत्क्षणी दृश्य दाखवणारे सॉफ्टवेअर आणले आहे. तरीही दोन्ही वर्गांचा स्वभाव वेगळाच राहिला आहे. पहिला वर्ग चित्र पूर्णत्वाला नेण्यासाठी घडलेला आहे, दुसरा आराखडा हलता असताना पाहण्यासाठी.

हा भेद बदलांच्या वेळी प्रकर्षाने जाणवतो. मॉडेल एका सॉफ्टवेअरमध्ये करून रेंडरसाठी दुसऱ्यात नेले, आणि त्यानंतर खिडकी अर्धा मीटर सरकली, तर मॉडेल पुन्हा आणावे लागते. अशा वेळी आधी चढवलेली मटेरियल्स, ठेवलेले दिवे आणि कॅमेरे जागेवर राहतात की पुन्हा बसवावे लागतात, यावर त्या कार्यालयाची पुढची संध्याकाळ अवलंबून असते. एनस्केप हे रेव्हिट, स्केचअप, ऱ्हायनो, आर्किकॅड अशा मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या आतच चालत असल्याने भिंत हलताच चित्रही हलते. ल्युमियन आणि ट्विनमोशन मूळ सॉफ्टवेअरशी थेट जोडणी ठेवतात. परंतु मूळ मॉडेलमध्ये मटेरियलची नावे शिस्तीने दिलेली नसतील, तर अशी जोडणीही गोंधळते. थ्रीडीएस मॅक्स या मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोरोना किंवा व्ही-रे घेऊन काम करणाऱ्याला प्रत्येक पृष्ठभागावर बारीक ताबा मिळतो, पण तो ताबा स्थिरावलेल्या आराखड्यावरच फळाला येतो. म्हणून ज्या कार्यालयात ग्राहकासमोर बसूनच आराखडा ठरतो, तिथे थेट जोडणीचे साधन आधी घ्यावे. अंतिम जाहिरातीची मोजकी चित्रे करणाऱ्याने मात्र पाथ ट्रेसिंगच्या इंजिनाचाच विचार करावा.

निर्मात्यांनी प्रसिद्ध केलेली चित्रे पाहून निवड करणे हा सर्वांत कच्चा मार्ग आहे, कारण त्या चित्रांत सॉफ्टवेअरपेक्षा कलावंताचे कष्ट अधिक दिसतात. त्याऐवजी आपल्याच एखाद्या कामातील एक अवघड खोली घेऊन चाचणी घ्यावी: एकच लहान खिडकी, पांढऱ्या भिंती, चकाकणारी फरशी आणि छताला लपवलेली दिव्यांची पट्टी. पांढऱ्या रंगाचे मूल्य ० ते २५५ या मोजपट्टीवर २५५ ठेवले, तर भिंत आलेला सगळाच प्रकाश परत फेकते, कोपऱ्यांतील नाजूक छटा नाहीशा होतात आणि दाणेही वाढतात; प्रत्यक्षातला पांढरा रंग साधारण ८० टक्के प्रकाश परत करतो, म्हणून २३० च्या आसपासचे मूल्य खोलीला खोलपणा देते. ही दुरुस्ती केल्यावरच इंजिनांची तुलना न्याय्य ठरते. मग खिडकीची काच पाहावी. काच जाडी नसलेल्या एकाच पृष्ठभागाची काढलेली असेल, तर काही इंजिने तिच्यापलीकडे भरीव काचच आहे असे समजून दृश्य वाकवतात, आणि काचेतून वाकून येणारा प्रकाश मोजणे पाथ ट्रेसिंगला जड जात असल्याने खोली काळोखी राहते. यासाठी पातळ काचेचा स्वतंत्र पर्याय किती सहज मिळतो ते तपासावे. तत्क्षणी चित्र देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लक्ष स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या) खाली, कपाटाच्या पायांशी आणि भिंत व छत यांच्या सांध्यावर ठेवावे. तिथली बारीक सावली नसली, की वस्तू फरशीवर टेकलेली न वाटता तरंगताना दिसते, आणि सांध्यातून प्रकाश झिरपत असेल तर कितीही चांगले मटेरियल त्या चित्राला वाचवू शकत नाही.

दिव्यांच्या निर्मात्यांकडून मिळणाऱ्या, दिव्याचा प्रकाश कोणत्या दिशेला किती पडतो हे सांगणाऱ्या आयईएस फाइली वाचता येणे अंतर्गत सजावटीच्या कामात आवश्यक मानावे. मात्र चित्र खरे वाटणे आणि प्रकाशाचे माप खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भर दुपारी बाहेर सुमारे एक लाख लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) आणि खोलीत काहीशेच लक्स प्रकाश असतो. ही तफावत पडद्यावर मावावी म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर उजेड आपल्या रीतीने दाबते. टेबलावर नेमका किती उजेड पडेल हे ठरवायचे असल्यास लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी विकसित केलेल्या रेडिअन्ससारख्या मापनाच्या साधनाकडे वळावे.

संगणकाची बाजू आकडेमोडीने लवकर स्पष्ट होते. कोरोना केवळ मुख्य प्रोसेसरवर चालते, तर सायकल्स प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन्हींवर चालू शकते. ग्राफिक्स कार्डावर रेंडर करताना दृश्य त्याच्या स्मृतीत मावावे लागते: ४०९६ पिक्सेल रुंद व तितकेच उंच असे एक टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचे चित्र) न दाबता ठेवले तर सुमारे ६४ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे अशा शंभर टेक्स्चरांनी ८ गिगाबाइटचे कार्ड जवळजवळ भरते. इमारतीतून फिरवून आणणाऱ्या एका मिनिटाच्या चित्रफितीला, म्हणजे वॉकथ्रूला, सेकंदाला २५ प्रमाणे १,५०० चित्रे लागतात. प्रत्येकाला दहा मिनिटे धरली तर एका संगणकाला २५० तास, म्हणजे दहा दिवसांहून अधिक काळ लागेल, आणि दहा सेकंद धरली तर चार तासांहून थोडा अधिक. वॉकथ्रूसाठी तत्क्षणी चित्र देणारी साधने इतकी रुळली, त्याचे कारण या हिशेबात आहे.

झाडे, माणसे आणि सामानसुमानाच्या तयार लायब्ररीचे आकर्षण मोठे असते व वेळही वाचतो, पण तीच झाडे अनेकांच्या चित्रांत दिसू लागतात. बाहेरचे मॉडेल आणण्याची सोय त्याहून महत्त्वाची आहे.

परवान्याच्या अटींत शैक्षणिक प्रतीवर व्यावसायिक काम करता येते का, आणि वर्गणी थांबल्यावर जुन्या फाइली उघडतात का, हे आधी वाचावे. एके काळी थ्रीडीएस मॅक्सबरोबर येणाऱ्या मेंटल रे या इंजिनाची विक्री २०१७ मध्ये बंद झाली, तेव्हा त्यातील मटेरियल्स वापरणाऱ्यांना ती दुसऱ्या इंजिनात नव्याने बसवावी लागली. यामुळे काम संपल्यावर रेंडरच्या मूळ फाइलीबरोबरच मॉडेलची एक प्रत एफबीएक्स किंवा यूएसडी अशा सर्वत्र वाचल्या जाणाऱ्या स्वरूपात आणि टेक्स्चरची चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये जपली जातात.